सामाईक ओळखीचे शिफारसपत्र

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा ‘द स्ट्रेंग्थ ऑफ वीक टाईज’ हा लेख १९७३ साली प्रसिद्ध झाला. त्याचा पहिला खर्डा १९६९ साली एका नियतकालिकाने नाकारला होता. साभार परतीची चव चाखलेल्या आमच्या लेखकबंधूंनी हे अवश्य ध्यानात ठेवावे! आज फेसबुक-इन्स्टाग्रामवर कोण कोणाच्या मागे जातो, हे समजून घ्यायचे तर या जुन्या लेखाकडेच वळावे लागते, असे मला वाटते.

लेखातील पहिला विचार साधा आहे. एकाच माणसाचे दोन जिवलग मित्र आज ना उद्या एकमेकांना ओळखू लागतातच. आपल्याकडे हे सांगायला समाजशास्त्रज्ञ लागत नाही. लग्नघरी मामांचा मित्र आणि आत्याचे शेजारी एका पंक्तीला बसले, की मठ्ठा येईपर्यंत एखादे सामाईक गाव नाहीतर सामाईक स्थळ निघालेच म्हणून समजावे. ग्रॅनोव्हेटरची खरी बुद्धी दिसते ती पुढच्या पायरीवर. जिथे सगळेच सगळ्यांना ओळखतात, तिथे बातमीही तीच ती फिरत राहते; नवी बातमी आणतो तो सैल ओळखीचा माणूस. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावी ओळखीतून नोकरी मिळालेल्या ५४ जणांना त्याने विचारले, की ती ओळखीची व्यक्ती तुम्हांला किती वेळा भेटत असे? ‘वरचेवर’ म्हणणारे निघाले सुमारे १७ टक्के. ‘क्वचित’ म्हणणारे २८ टक्के. बाकीचे अधूनमधून भेटणारे.

५४ माणसांच्या पायावर एवढी इमारत उभारणे धाडसाचेच. परंतु लेख टिकला तो या आकड्यांवर नव्हे. बॉस्टनमधील वेस्ट एंड ही इटालियन वस्ती नगरसुधारणेच्या नावाखाली १९५८च्या सुमारास पाडली गेली. वस्तीतला एकेक घोळका आतून घट्ट होता. मात्र घोळक्याघोळक्यांत पूल नव्हते, म्हणून एकजुटीने विरोध उभा राहिला नाही, असा त्याचा तर्क आहे. जिव्हाळा उदंड असूनही समाज दुबळा राहू शकतो, हे वाचताना मला आपले वाङ्मयीन कंपू आठवले नाहीत असे नाही. असो.

फेसबुकने २००८ साली ‘पीपल यू मे नो’ ही सोय आणली. तिने या विचाराचा पहिला अर्धा भाग उचलला आणि दुसरा सोडून दिला. ‘तुमचे १४ सामाईक मित्र’ ही ओळ म्हणजे एक शिफारसपत्रच. फरक इतकाच, की ज्यांच्या नावे ते लिहिले आहे त्या चौदाजणांना त्याचा पत्ताच नसतो. त्यात आतेभाऊ आणि एकदाच आगगाडीत भेटलेले गृहस्थ यांना वजन सारखेच दिसते. शिवाय हे चौदाजणही त्याच ओळीकडे पाहूनच त्या माणसामागे गेले नसतील कशावरून? आपण साक्षीदार मोजतो. ते एकमेकांचे ऐकून बोलत आहेत का, हे मात्र पाहत नाही. ट्विटरने २०१० मध्ये अशीच शिफारस सुरू केली, तेव्हा अनुयायी सर्वांचेच वाढले. पण आधीच लोकप्रिय असलेल्यांचे फार अधिक वाढले, असे पुढे अभ्यासकांना आढळले. नव्या कवीला मोठे कवी सापडले. मोठ्यांना नवा कवी सापडणे त्या मानाने अवघडच राहिले.

ग्रॅनोव्हेटरच्या सिद्धान्ताला खरी दुरुस्ती मिळाली ती २०२२ साली. लिंक्डइनवरच्या सुमारे दोन कोटी लोकांच्या शिफारशी पाच वर्षे बदलून पाहिलेल्या प्रयोगांचा निष्कर्ष ‘सायन्स’मध्ये आला. नोकरी मिळवून देण्यात मध्यम सैल ओळखी सर्वांत उपयोगी ठरल्या. अगदीच तुटपुंज्या नव्हेत आणि दाट तर नव्हेतच. म्हणजे सामाईक ओळखी थोड्या असाव्यात. त्या फार झाल्या, की नवे काही हाती लागत नाही. निष्कर्ष मोलाचा आहे, पण रीत मला रुचत नाही. ग्रॅनोव्हेटरने ५४ जणांना प्रश्न विचारले होते. इथे दोन कोटींना कोणी काही विचारले नाही.

मूळ लेख अवघा २१ पानांचा आहे. आकडेमोड थोडी, भाषा स्वच्छ. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना तो फराळाच्या सुटीत एका दुपारी वाचून होईल. पहिली काही पाने मात्र नेटाने ओलांडावी लागतील.