'नगर' शोधताना 'अहमदनगर' वगळणे

संगणकावरील संहितेत एक शब्द शोधावयाचा आणि दुसरा टाळावयाचा, हा रेग्युलर एक्स्प्रेशनचा, म्हणजे शोधसूत्राचा, नित्याचा उपयोग होय. स्टीफन क्लीनी यांच्या १९५६ सालच्या निबंधापासून रूढ झालेल्या सिद्धान्तात असे वर्जन मुळीच दुर्घट नाही. नियमित भाषेचा पूरक संचही नियमितच असतो. अडचण येते ती व्याकरणापाशी.

अहमदनगर शहराचे व जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. बोलण्यात मात्र पूर्वीपासून 'नगर' एवढेच. हे बोलीतले 'नगर' मोजू पाहणारा अभ्यासक प्रथम ^(?!.*अहमदनगर).*नगर असे सूत्र लिहितो. ते अहमदनगर असलेली सबंध ओळच टाकते. 'अहमदनगर जिल्ह्यातले लोक बाजाराला नगरला जातात' या वाक्यात लेखी व बोली नावे शेजारी नांदतात. नेमका तोच पुरावा बाद होतो. (?<!अहमद)नगर हे सूत्र वाक्य राखते व केवळ जोडनाव टाळते. त्यातून उल्हासनगर आणि नगरपालिका आत शिरतात, ते वेगळेच.

शब्दसीमेचे चिन्ह लावल्याने हे निस्तरेल, ही समजूत तर अधिकच फसवी. पायथनच्या अंगभूत शोधसाधनात काना, वेलांटी, मात्रा ही चिन्हे अक्षरे म्हणून गणली जात नाहीत. व्यंजन आणि त्याचा काना यांच्यामध्येच शब्द संपला असे मानले जाते. परिणामी दोन्ही बाजूंस सीमा घातलेले 'नगर' हे 'नगराध्यक्ष', 'नगरी' यांत सापडते; 'नगरला', 'नगरचा' यांत सापडत नाही. त्याहून विलक्षण असे की अहमदनगर आपोआप टळते, अहिल्यानगर टळत नाही. कारण तेथे 'न'च्या आधी काना आहे. नामांतराच्या आधीच्या व नंतरच्या लेखनाची तुलना या मोजणीवर बेतली, तर २०२४ नंतर 'नगर' वाढल्याचे दिसेल, आणि त्या वाढीशी बोलीचा काडीमात्र संबंध नसेल.

वास्तविक मराठीने हा भेद स्वतःच करून ठेवला आहे. सामान्यनामास सामान्यरूप होते : नगराला, नगराचा. गावाच्या नावास या ठिकाणी ते बहुधा होत नाही : नगरला, नगरचा, नगरहून. तेव्हा वर्ज्य शब्दांची यादी लांबवीत बसण्याऐवजी (?<![ऀ-ॿ])नगर(ला|चा|ची|चे|च्या|हून) असे प्रत्ययांनिशी मागणे अधिक विश्वसनीय. 'नगरात' मात्र दोहोंकडे सारखेच. आणि 'नगरी' हे शहराचे नाम आहे तसे नगरकडच्या बोलीचे विशेषणही आहे. ही स्थळे वाक्य वाचूनच लावावी लागतात.