कागदावरची रेघ आणि काचेवरची रेघ

चित्रकलेची आवड असलेल्या मुलांचे पालक अलीकडे मला एक प्रश्न हमखास विचारतात, "सर, याला ड्रॉइंगच्या क्लासला घालू, की टॅब घेऊन देऊ?" विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा ठरलेलेच असते. पुढचा जमाना संगणकाचा, तेव्हा पेन्सिल झिजवण्यात वेळ कशाला घालवायचा, असा त्यांचा हिशेब असतो. याच्या अगदी उलट टोकाला जुन्या वळणाचे रसिक उभे आहेत. काचेवर काढलेल्या चित्राला ते चित्रच मानायला तयार नसतात. त्यात जीव नाही, एवढे म्हणून ते मोकळे होतात. माझ्या मते हे दोन्ही पक्ष साधनाकडे पाहतात आणि चित्राकडे पाहायचे विसरतात. समीक्षकाने आधी चित्र पाहावे. म्हणून गेल्या उन्हाळ्यात इंदूरला पाहिलेली तीन चित्रे पुढे ठेवूनच या प्रश्नाचा विचार करतो.

इंदूरचा उल्लेख करताना चित्रकलेपुरती तरी मराठी माणसाने क्षणभर मान लववावी. होळकरांच्या या नगरीत दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी 1927 साली चित्रकलेचे शिक्षण सुरू केले. नारायण श्रीधर बेंद्रे, देवकृष्ण जोशी, विष्णू चिंचाळकर ही माणसे देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली तयार झाली, आणि मकबूल फिदा हुसेन यांनीही काही काळ तिथे धडे घेतले. या चौघांची चित्रे शेजारी शेजारी ठेवली तर एकाच गुरूचे शिष्य म्हणून ओळखू येणार नाहीत. बेंद्रे 1950 पासून बडोद्याच्या ललितकला विभागात शिकवू लागले आणि आयुष्यभर शैली बदलत राहिले. हुसेन मुंबईला जाऊन सिनेमाचे फलक रंगवू लागले. चिंचाळकर गुरुजींनी तर लाकडाचे तुकडे, वाळकी पाने, मोडक्यातोडक्या टाकाऊ वस्तू यांतून आकार शोधले. साधने इतकी वेगळी असूनही पाया एकच होता. समोरची वस्तू डोळे भरून पाहायची आणि तिची रेघ हाताने पकडायची. टाकाऊ ढलपीत पक्षी दिसायला आधी पुष्कळ पक्षी पाहिलेले आणि काढलेले असावे लागतात.

त्याच इंदुरात पोलोग्राउंड नावाची वस्ती आहे. खेळ फक्त नावात उरला आहे. आज तिथे कारखान्यांच्या शेडी आहेत, वीज कंपनीची कचेरी आहे आणि दिवसभर लोडिंग रिक्षांची ये-जा आहे. माझ्या मावसभावाचा मुलगा तिथल्या एका छपाईच्या कारखान्यात संगणकावर वेष्टने आणि लेबले तयार करतो. मी त्याला भेटायला गेलो तेव्हा त्याने मला आपली वही आणि टॅब दोन्ही दाखवले. विषय तिन्ही चित्रांत एकच होता : कारखान्याच्या दाराशी रिक्षातून कागदाचे रीळ उतरवणारे तीन हमाल.

पहिले चित्र वहीतले. जेवणाच्या सुट्टीत दहा-बारा मिनिटांत केलेले पेन्सिलचे रेखाटन. रिक्षाचे चाक साफ बिघडले आहे, तिसरा हमाल अर्धाच राहिला आहे, विजेचा खांब भलत्या जागी येऊन चित्राचे दोन तुकडे करतो. मात्र पुढच्या हमालाकडे पाहा. ओझे अंगावर आले तशी पाठ वाकली आहे, एक टाच जमिनीत रुतल्यासारखी आहे आणि नेमकी तिथे पेन्सिल दाबून काळी झाली आहे. रीळ किती जड आहे हे त्या टाचेवरून कळते.

दुसरे चित्र त्याने टॅबवर काढलेले. रंग म्हणाल तर दृष्ट लागावी असे! मे महिन्याचे ऊन, पत्र्यावरचा गंज, ताडपत्रीची जांभळट सावली, सगळे जागच्या जागी. खांब काढून टाकलेला, हमाल डावीकडे सरकवलेला, त्यामुळे रचना पहिल्यापेक्षा कितीतरी सुटसुटीत. परंतु हमाल ओझे उचलत नाहीत, नुसते ओझ्याजवळ उभे आहेत. दोन्ही पाय सारखेच टेकलेले, रीळ पोकळ असावे तसे हलके. मी विचारले तेव्हा त्याने सरळ सांगितले, "काका, मोबाइलवर फोटो काढला, खाली ठेवला आणि वरच्या लेअरवर ट्रेस केला." फोटोत बाह्यरेषा असते, वजन कुठे आहे ते शोधावे लागते. ते शोधण्याचे काम या वेळी कोणी केलेच नव्हते.

तिसरे चित्रही टॅबवरचेच, पण या वेळी खाली फोटोऐवजी वहीतल्या पानाची प्रतिमा होती. चाक सुधारले, खांब गेला, रंग आले आणि टाच राहिली. तिन्हींत हे सर्वांत चांगले. म्हणजे काचेवरचे एक चित्र निर्जीव निघाले आणि काचेवरचेच दुसरे जिवंत. मग जीव काचेमुळे गेला असे कसे म्हणावे?

दोन्ही साधनांच्या स्वभावात मात्र फरक आहे, आणि तो पालकांनी समजून घेण्यासारखा आहे. कागदावर ओढलेली रेघ परत घेता येत नाही. खोडरबराने पुसली तरी वण राहतो. त्यामुळे रेघ ओढण्याआधी डोळ्याला निर्णय करावा लागतो. काचेवर चुकलेली रेघ एका टिचकीत नाहीशी होते. तिथे आधी ओढायचे आणि मग ठरवायचे, असा क्रम लागतो. दुसरे असे की, काचेवरचे चित्र हवे तेवढे मोठे करून पाहता येते. माणूस अंगठ्याचे नख रंगवीत बसतो आणि हात धडाला नीट जुळला आहे की नाही हे ध्यानातच येत नाही. कागद हाताएवढ्या अंतरावर असतो, सगळे चित्र सतत नजरेत राहते. तिसरे, कागदाची खरखर पेन्सिलीला अडवते आणि हाताला आपल्या जोराचा अंदाज येतो. काच गुळगुळीत. दाब ओळखणारे पेन आले आहे, तरी ती अडवणूक तिथे फारशी नाही.

काचेची बाजूही तितकीच खरी आहे. एका चित्राचे दहा रंगमेळ करून पाहणे कागदावर परवडत नाही. गिऱ्हाइकाने संध्याकाळी सांगितलेली दुरुस्ती सकाळपर्यंत करून देणे पेन्सिल-ब्रशाने साधत नाही. थरावर थर ठेवून रचना हलवून पाहता येते, म्हणून भीड चेपते. शिवाय यंत्र चित्रकलेत आजच शिरले असे थोडेच आहे? दिवाळी अंकांच्या वाचकाला तर हे सांगायला नको. मडगावात जन्मलेल्या दीनानाथ दलालांनी 1945 साली 'दीपावली' सुरू केला. त्यांच्या चित्राला वाचकापर्यंत पोहोचताना कॅमेरा आणि छपाईचे यंत्र यांच्या हातून जावेच लागे. संगणकावर थेट रेघ ओढण्याची कल्पनाही जुनी आहे. अमेरिकेतल्या एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी 1963 साली प्रकाशलेखणीने पडद्यावर आकृत्या काढून दाखवल्या, आणि त्या प्रणालीला नाव दिले 'स्केचपॅड'. म्हणजे यंत्राने आपले नावसुद्धा कागदी वहीकडूनच घेतले.

दोन्ही साधने एकत्र नांदतात याचा सर्वांत बोलका दाखला डेव्हिड हॉकनी या इंग्रज चित्रकाराचा आहे. 1937 साली जन्मलेल्या या माणसाने सत्तरी ओलांडल्यावर आधी फोनवर आणि 2010 पासून आयपॅडवर चित्रे काढायला सुरुवात केली. यॉर्कशरमधल्या वोल्डगेट नावाच्या रस्त्यावर वसंत कसा उतरतो ते त्याने 2011 साली आयपॅडवर टिपले, आणि 2012 साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत ती चित्रे मोठ्या आकारात लागली. इथवरची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. पुढची अधिक महत्त्वाची आहे. 2013 च्या वसंतात हॉकनी त्याच रस्त्यावर पुन्हा उभा राहिला, तो कोळसा आणि कागद घेऊन, आणि तोच विषय त्याने पंचवीस कृष्णधवल चित्रांत काढला. रंगांचा अमर्याद डबा हाताशी असताना त्याने तो बाजूला ठेवला. आयपॅडवरची चित्रे रंगाने बोलतात, कोळशाची चित्रे उजेडाने आणि फांद्यांच्या रेघांनी बोलतात. एका साधनाने दुसऱ्याची जागा घेतली नाही.

इतके दूर जायचे नसेल तर बेळगावकडे पाहावे. के. बी. कुलकर्णी सरांच्या 'चित्रमंदिरा'त घडलेले रवी परांजपे पुढे जाहिरातींच्या धकाधकीच्या व्यवसायात नावारूपाला आले. 2022 साली ते गेले. त्यांनी आपल्या आत्मचरित्राला 'ब्रश मायलेज' असे नाव दिले. गाडी किती किलोमीटर धावली यावरून ड्रायव्हर ओळखावा, तसे ब्रश किती चालला यावरून चित्रकार ओळखावा, असा त्या नावाचा अर्थ मी घेतो. हे मायलेज काचेवरही जमा होते. फक्त ट्रेस करून होत नाही.

आपण सीमाभागातली, दोन भाषांत वाढलेली माणसे. घरात मराठी आणि बाजारात, कचेरीत कानडी किंवा हिंदी, यात आपल्याला काही अवघड वाटत नाही. एक भाषा पक्की असलेले मूल दुसरी झटकन उचलते, आणि एकही पक्की नसलेले मूल दोन्हींत चाचपडते, हा शाळेतला माझा नेहमीचा अनुभव आहे. रेघेचेही तसेच आहे. कागद ही रेघेची घरची बोली समजावी. ती पक्की असली की काचेवरच्या भाषेची धास्ती बाळगायचे कारण नाही.

आज हा प्रश्न निव्वळ रसिकतेचा राहिलेला नाही. 2022 पासून नुसत्या शब्दांवरून चित्र करून देणारी साधने सर्वांच्या हाती आली आहेत. पोलोग्राउंडच्या त्या कारखान्यातही आता फळांची, फुलांची चित्रे अशीच मागवली जातात. "काका, माझी नोकरी राहील का?" असे त्या मुलाने मला विचारले, तेव्हा मला खोटा धीर देता आला नाही. एवढेच सांगितले की, यंत्राने दिलेल्या दहा चित्रांतला कुठला हमाल खरोखर ओझे उचलतो आहे हे ओळखणारा डोळा लागणारच, आणि तो डोळा तुझ्या वहीत तयार झाला आहे. ती वही बंद करू नकोस.

आणि नेमकी ही वहीच आपल्या शाळांतून हळूहळू नाहीशी होत आहे. चित्रकला शिक्षक निवृत्त झाले की कित्येक शाळांत त्यांची जागा रिकामीच राहते, आणि वेळापत्रकातला तो तास संगणकाला किंवा गणिताच्या उजळणीला जातो. महाराष्ट्रातल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट काय किंवा कर्नाटकातल्या लोअर-हायर काय, या परीक्षांना बसणारी मुले वस्तू समोर ठेवून काढायला शिकत. स्मरणचित्राचे तर आजही मोल आहे. जे नीट पाहिलेच नाही ते आठवून काढता येत नाही.

तेव्हा पालकांना माझे सांगणे असे : ऐपत असेल तर टॅब जरूर घेऊन द्या, परंतु त्याआधी रोज अर्धा तास वही. घरातली कळशी, अंगणातली सायकल, भाजी निवडणारी आजी, काहीही चालेल. फोटोवरून मात्र नको. आणि शाळेच्या पालकसभेला याल तेव्हा गणित-इंग्रजीच्या गुणांबरोबर एक प्रश्न आम्हा मुख्याध्यापकांनाही विचारा : चित्रकलेचा तास वेळापत्रकात आहे का, आणि तो घ्यायला शिक्षक आहे का?