कळफलकाने चालणारे ब्राउझर : क्यूटब्राउझर आणि त्याच्या सोबत्यांची समीक्षा

लिनक्सवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला टर्मिनलची आणि विम संपादकाची सवय लागली की माऊसकडे हात नेणे त्याच्या जिवावर येऊ लागते. मग तो कळफलकाने चालणारा ब्राउझर शोधतो, आणि शोधताना तीन विशेषणे एका दमात जोडतो: सुरक्षित, हलका, कळफलकाने चालणारा. प्रोग्राम लहान म्हणून हलका, आणि हलका म्हणून सुरक्षित, असा समज या मागणीमागे असतो. या टिपणात तो समज तपासायचा आहे. माझे मत आधीच सांगतो. यांतला तिसरा गुण तेवढा ब्राउझरचा असतो. पहिले दोन त्याच्या आत बसवलेल्या इंजिनाचे असतात, आणि ते इंजिन तुमच्या यंत्रापर्यंत ज्या वाटेने येते त्या वाटेचे असतात.

ब्राउझरचे दोन थर असतात. आतला थर म्हणजे इंजिन. एचटीएमएल वाचणे, जावास्क्रिप्ट चालवणे, अक्षरे आणि चित्रे पडद्यावर मांडणे ही कामे त्याची. बाहेरचा थर म्हणजे टॅब, पत्त्याची पट्टी आणि कळांच्या आज्ञा. सर्फ या ब्राउझरचा बाहेरचा थर सी भाषेतल्या दोनेक हजार ओळींचा आहे आणि त्याचे चाहते ही संख्या अभिमानाने सांगतात. पण त्या ओळी ज्या वेबकिटजीटीके इंजिनाला हाक मारतात ते इंजिन लक्षावधी ओळींचे आहे, आणि अनोळखी संकेतस्थळाने पाठवलेला मजकूर हाताळतो तो हाच भाग. हल्लेखोराला बाहेरच्या दोन हजार ओळींत फारसा रस नसतो.

हा मुद्दा इतिहासातून अधिक चांगला समजतो. उझ्बल, डीडब्ल्यूबी आणि झोम्ब्रेरो हे तीन ब्राउझर २०१० च्या आसपासच्या काळात कळफलकप्रेमींच्या आवडीचे होते. तिघेही वेबकिटजीटीकेच्या जुन्या, ‘वेबकिट१’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रचनेवर उभे होते. ही रचना ज्या मालिकेत शेवटची होती ती २.४ मालिका २०१४ ची. त्यानंतर इंजिनातील सुरक्षा-दुरुस्त्या नव्या रचनेतच होऊ लागल्या. ब्राउझर नव्या रचनेवर न्यायचा तर बराच भाग पुन्हा लिहावा लागणार होता, आणि एकट्यादुकट्या लेखकांना ते झेपले नाही. झोम्ब्रेरोची गोष्ट यात विशेष बोचणारी आहे. कुकी आणि जावास्क्रिप्ट फक्त परवानगी दिलेल्या संकेतस्थळांनाच, ही शिस्त त्याने आपली ओळख बनवली होती. सुरक्षेसाठी घेतलेला ब्राउझर दुरुस्त्या न मिळणाऱ्या इंजिनावर अडकून पडला, आणि वापरणाऱ्याला पडद्यावर त्याची कसलीच खूण दिसली नाही. पाने पूर्वीसारखीच उघडत होती. सर्फने मात्र २०१७ च्या २.० आवृत्तीत नव्या रचनेवर स्थलांतर केले, म्हणून तो टिकला.

आता क्यूटब्राउझरकडे येऊ. फ्लोरिआन ब्रुहिन यांनी २०१३ मध्ये सुरू केलेला हा ब्राउझर पायथनमध्ये लिहिलेला आहे आणि क्यूट या ग्रंथालयावर चालतो. नाव तिथूनच आले आहे. कळफलकाच्या बाबतीत आज त्याला तोड नाही, असे मी बिनधास्त म्हणेन. ‘जे’ने पान खाली, ‘के’ने वर, ‘एफ’ दाबले की प्रत्येक दुव्यावर अक्षरांची चिठ्ठी उमटते आणि ती अक्षरे टंकली की दुवा उघडतो. मजकुराच्या चौकटीत असताना कंट्रोल-ई दाबले की तो मजकूर थेट तुमच्या संपादकात उघडतो. प्रत्येक संकेतस्थळासाठी वेगळी सेटिंग ठेवता येते. दस्तऐवजही नीट लिहिलेले आहेत, आणि छोट्या प्रकल्पांत हे दुर्मीळ असते.

त्याचे आतले इंजिन म्हणजे क्यूटवेबइंजिन, आणि ते क्रोमियमवर बेतलेले आहे. २०१७ च्या १.० आवृत्तीपासून तेच मूळ निवड आहे. क्रोमियमचा सँडबॉक्सही त्यासोबत येतो. म्हणजे पान चालवणाऱ्या प्रोसेसला फाइली आणि इतर प्रोसेस यांपासून दूर ठेवले जाते, आणि कर्नलच्या मोजक्याच सेवा तिला मागता येतात. इथवर सारे ठीक. अडचण वेळापत्रकात आहे. क्रोमियमची मोठी आवृत्ती साधारण चार आठवड्यांनी निघते. क्यूट मात्र एखादी आवृत्ती पकडून तिच्यावर स्थिरावते आणि पुढच्या सुरक्षा-दुरुस्त्या मागे आणून त्यात बसवते. क्यूट ६.८ ऑक्टोबर २०२४ मध्ये आले तेव्हा त्याचा पाया त्याच वर्षाच्या फेब्रुवारीतले क्रोमियम १२२ हा होता. क्यूट ५.१५ च्या पुढच्या दुरुस्ती-आवृत्त्यांचा पाया तर नोव्हेंबर २०२० चे क्रोमियम ८७. मागे आणलेल्या दुरुस्त्यांमुळे हे अंतर पूर्ण धोक्याचे ठरत नाही. पण त्या दुरुस्त्या तुमच्यापर्यंत पोहोचतात का, हे तुमची डिस्ट्रो ठरवते.

इथे एक उलटी गोष्ट दिसते. डेबियन ही स्थिर आणि भरवशाची डिस्ट्रो, म्हणून अनेक महाविद्यालयांत तीच बसवतात. पण डेबियनच्या सुरक्षा गटाचे धोरण असे आहे की फायरफॉक्स, क्रोमियम आणि वेबकिटजीटीके यांना स्थिर आवृत्तीच्या आयुष्यभर दुरुस्त्या मिळतात. क्यूटवेबइंजिनला मिळत नाहीत, आणि ते केवळ विश्वासाच्या मजकुरासाठी वापरावे असे ते सांगतात. म्हणजे स्थिर डेबियनवर कळफलकाच्या दृष्टीने रांगडा असलेला सर्फ हा सुबक क्यूटब्राउझरपेक्षा चांगल्या इंजिनावर बसलेला असतो. आर्चसारख्या सतत अद्ययावत होणाऱ्या डिस्ट्रोवर हाच निकाल फिरतो. वेबकिटजीटीकेचा सँडबॉक्स २०१९ च्या २.२६ आवृत्तीत आला, आणि तेव्हा तो चालू करणे प्रत्येक ब्राउझरवर सोपवलेले होते, हेही सर्फच्या बाजूने बोलताना विसरू नये. एकंदरीत ‘कोणता ब्राउझर सुरक्षित’ हा प्रश्न डिस्ट्रोचे नाव घेतल्याशिवाय अर्धवटच राहतो. क्यूटब्राउझरमध्ये ‘व्हर्जन’ ही आज्ञा दिली की पायाभूत क्रोमियमचा क्रमांक दिसतो, आणि अलीकडच्या आवृत्त्यांत दुरुस्त्या कुठवरच्या आहेत तेही दिसते. ब्राउझर बसवल्यावर पहिले काम हे करावे. रंगसंगती नंतर.

बाहेरचा थर लहान असला तरी निरुपद्रवी नसतो, हेही नोंदवायला हवे. २०१८ च्या जुलैत क्यूटब्राउझरमध्ये एक गंभीर त्रुटी उघड झाली. तिचा क्रमांक सीव्हीई-२०१८-१०८९५. ब्राउझरची सेटिंगे बदलणारे एक आतले पान होते, आणि बाहेरचे कोणतेही संकेतस्थळ त्या पानाकडे गुपचूप विनंती धाडू शकत होते. मग वर ज्या संपादकाचे कौतुक केले त्याच संपादकाच्या आज्ञेच्या जागी हल्लेखोर आपली आज्ञा भरू शकत होता, आणि ती तुमच्या यंत्रावर चालू शकत होती. १.४.१ आवृत्तीत ही त्रुटी दुरुस्त झाली. यातले कारण समजून घेण्यासारखे आहे. कळफलकाच्या ब्राउझरची ताकद म्हणजे बाहेरचे प्रोग्राम बोलावण्याची सोय, आणि सँडबॉक्सचे काम म्हणजे पानाला नेमकी तीच सोय न देणे. दोन्हींच्या सीमेवर चूक झाली की इंजिनाचा सँडबॉक्स शाबूत असूनही उपयोगाचा राहत नाही.

‘हलका’ या शब्दाबद्दल थोडक्यात. विद्यार्थी मेमरी मोजतात ती बहुधा ‘पीएस’ आज्ञेतील आरएसएस हा रकाना बेरजेला घेऊन, आणि तिथे फसतात. समजा ब्राउझरच्या ५ प्रोसेस आहेत, प्रत्येकीची स्वतःची मेमरी ६० एमबी आणि सर्वांत सामायिक १०० एमबी. आरएसएसची बेरीज ८०० एमबी येईल, कारण सामायिक भाग पाच वेळा मोजला गेला. खरा खर्च ४०० एमबी. पीएसएस हा आकडा सामायिक भाग वाटून मोजतो, आणि कर्नल तो प्रत्येक प्रोसेसच्या ‘एसमॅप्स रोलअप’ या फाइलीत देतो. अशा मोजणीने पाहिले की क्यूटब्राउझर आणि क्रोमियम यांतील फरक दंतकथेपेक्षा बराच कमी निघतो, कारण मेमरी खाते ते इंजिन आणि त्यात उघडलेले पान. क्यूटब्राउझरमध्ये सर्व टॅब एकाच प्रोसेसमध्ये चालवण्याची सेटिंग आहे आणि जुन्या यंत्रावर तिचा मोह होतो. ती केवळ दोष शोधण्याच्या कामासाठी आहे. एका टॅबमधले पान दुसऱ्यापासून वेगळे ठेवणारी भिंत काढून तेवढी मेमरी वाचवणे मला पटत नाही. नवे ग्लिबसी आणि जुने इंजिन यांचे न जमल्याने पाने कोरी दिसू लागली की सँडबॉक्स बंद करण्याचा सल्ला मिळतो, तोही त्याच जातीचा.

खरोखर हलके हवे असेल तर इंजिनच लहान घ्यावे लागते. डिलो जावास्क्रिप्ट चालवत नाही. २०१५ नंतर बरीच वर्षे थांबलेला हा प्रकल्प २०२४ मध्ये ३.१.० आवृत्तीने पुन्हा जागा झाला. डब्ल्यू३एम आणि लिंक्स टर्मिनलातच चालतात. इंग्रजी दस्तऐवज वाचायला ते उत्तम आहेत. मराठी पानांसाठी मात्र नाहीत: टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक चौकोन देते, आणि बहुतेक टर्मिनलांत ऱ्हस्व इकार भलत्या जागी जातो, जोडाक्षरे सुटी पडतात. ‘विद्यार्थी’ हा शब्द उघडून पाहावा म्हणजे पुरे.

उरतो तो मार्ग म्हणजे फायरफॉक्स आणि त्यावर कळांचे एक्स्टेंशन. पूर्वी व्हिम्परेटर हे एक्स्टेंशन फायरफॉक्सचे सारे रूपच बदलून टाकत असे. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ ने एक्स्टेंशनांची जुनी रचना काढली आणि व्हिम्परेटर संपला. त्याच्या जागी आलेली ट्रायडॅक्टिल आणि व्हिमियम ही नव्या, आखडत्या रचनेत राहतात. पान पुरते उघडण्याआधी त्यांच्या कळा चालत नाहीत. फायरफॉक्सच्या स्वतःच्या सेटिंगांच्या पानांवर तर मुळीच चालत नाहीत. मधेच कळ दाबली आणि काही झाले नाही, हा अनुभव रोजचा. पण क्यूटब्राउझरची २०१८ ची त्रुटी आठवली की ब्राउझरच्या आतल्या पानांना हात लावू न देण्याचे कारण समजते. शिवाय युब्लॉक ओरिजिन इथे पूर्ण ताकदीने चालते. क्यूटब्राउझरमध्ये जाहिराती रोखण्याची सोय आहे, पण ती त्या तोडीची नाही. एक्स्टेंशन घेताना मात्र लक्षात ठेवावे की कळा ऐकण्यासाठी त्याला प्रत्येक पान वाचण्याची परवानगी द्यावी लागते. म्हणून असे एक्स्टेंशन एकच ठेवावे. बँक, परीक्षेचे अर्ज, ई-मेल यांसाठी मी हाच मार्ग सुचवतो, आणि क्यूटब्राउझर वाचनासाठी, तोही अद्ययावत डिस्ट्रोवर.

आता आपल्या भाषांपुरता एक प्रश्न, ज्याचा उल्लेख इंग्रजी समीक्षांत सहसा नसतो. हे सारे ब्राउझर कळफलक इंग्रजी आहे असे धरून चालतात. इनस्क्रिप्ट चालू असताना ‘जे’च्या कळीवर र असतो, ‘के’वर क, आणि ‘एफ’वर ऱ्हस्व वेलांटी. क्यूटब्राउझर दुव्यांच्या चिठ्ठ्यांसाठी मधल्या ओळीतील नऊ कळा वापरतो. इनस्क्रिप्टमध्ये त्यांतल्या डाव्या हाताच्या पाच कळा म्हणजे ओकार, एकार, हलन्त, इकार आणि उकार. आज्ञा सुरू करणाऱ्या अपूर्णविरामाच्या जागी छ उमटतो, शोध सुरू करणाऱ्या तिरक्या रेघेच्या जागी य. म्हणजे मराठी पानावर मराठी शब्द शोधायचा तर इंग्रजीत जा, तिरकी रेघ दाबा, मराठीत या, शब्द लिहा, एंटर दाबा, आणि पुढचा सापडलेला शब्द पाहायला ‘एन’ दाबण्यासाठी पुन्हा इंग्रजीत जा. माऊस वाचवला आणि तीन वेळा भाषा बदलली. इनस्क्रिप्टमध्ये सर्व भारतीय लिप्यांची मांडणी समान असल्याने कन्नड किंवा बंगाली लिहिणाऱ्याचीही हीच गत.

उपाय आहे, आणि तो तांत्रिक दृष्ट्या मनोरंजक आहे. कळ दाबली की ब्राउझर पानाला दोन गोष्टी सांगतो: उमटलेले अक्षर, आणि कळीची कळफलकावरची जागा. अक्षर पाहणारा प्रोग्राम र पाहून गोंधळतो. जागा पाहणाऱ्याला ती ‘जे’चीच कळ दिसते. व्हिमियममध्ये कळफलकाची मांडणी दुर्लक्षित करण्याचा पर्याय आहे आणि ट्रायडॅक्टिलमध्येही तशी सेटिंग आहे. दोन्ही जागा पाहतात. क्यूटब्राउझरमध्ये एका कळीला दुसरीचे काम देणारा तक्ता आहे, पण त्यात र म्हणजे ‘जे’, क म्हणजे ‘के’ अशी एकेक जोडी स्वतः भरावी लागते. कंट्रोल-एफ मात्र फायरफॉक्समध्ये इनस्क्रिप्ट चालू असतानाही शोधाची पट्टी उघडते, आणि त्यात लगेच मराठी लिहिता येते.