सजगतेचा तास : दाव्याची तपासणी

परिपाठानंतर पाच मिनिटे डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला लावले की वर्ग शांत होतो, हा पुष्कळ शिक्षकांचा अनुभव आहे. त्याबद्दल आमचा वाद नाही. पण त्यामुळे मुलांचे नैराश्य टळते आणि अभ्यास सुधारतो, असे म्हटले जाते तेव्हा पुरावा मागायलाच हवा.

जूनमध्ये बावरलेली मुले दिवाळीपर्यंत आपोआप स्थिरावतात. त्याचे श्रेय ध्यानाला द्यायचे की नुसत्या सवयीला? हे कळायला तुलनेसाठी दुसरा गट लागतो. ब्रिटनमध्ये असा मोठा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष 2022 साली प्रसिद्ध झाले. 85 शाळा व 11 ते 14 वयाची आठ हजारांहून अधिक मुले त्यात होती. कोणत्या शाळेत सजगतेचे, म्हणजे 'माइंडफुलनेस'चे, दहा पाठ घ्यायचे आणि कोठे भावनिक-सामाजिक शिक्षणाचे नेहमीचे तास चालू ठेवायचे, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले होते. वर्षानंतर पाहिले तर नैराश्याचा धोका, वर्तन व मनःस्वास्थ्य यांत सजगतेचा गट सरस ठरला नाही. आधीच मानसिक त्रासाच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलांत तर परिणाम किंचित उलट दिसला. फरक लहान होता, पण दुर्लक्ष करण्याजोगा नाही. उदास मुलाला डोळे मिटायला सांगणे म्हणजे कदाचित त्याला त्याच्या काळजीबरोबर एकटे सोडणे असेल.

मग सजगता निरुपयोगी म्हणायची का? तसा निष्कर्ष निघत नाही. तुलनेच्या गटालाही काही ना काही शिकवले जात होतेच. शिवाय बहुतेक मुलांनी घरी सराव जवळजवळ केलाच नाही. पोहण्याचे धडे पाण्यात न उतरता घेण्यासारखेच हे झाले. योगासनांची परीक्षा तर या प्रयोगात झालीच नाही. 'सर्वांना एकच तास लावा, मन सुधारेल' हा दावा मात्र येथे टिकला नाही.

योगाला पुरावा मागणे हा काहींना अनादर वाटतो. त्यांनी लोणावळ्याकडे पाहावे. 1924 साली तेथे कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी यौगिक क्रियांचे शरीरावरील परिणाम क्ष-किरण व इतर उपकरणांनी तपासले, आणि ते 'योगमीमांसा' या नियतकालिकातून मांडले.

आमचे म्हणणे इतकेच : आसने खेळाच्या तासाला जरूर घ्यावीत. शांत बसण्याची वेळही ठेवावी, पण ज्याला डोळे उघडे ठेवायचे असतील त्याला ठेवू द्यावेत. आणि जे मूल महिनाभर गप्प आहे, त्याच्याशी शिक्षकाने स्वतः बोलावे, गरज वाटल्यास समुपदेशकाकडे न्यावे. ते काम श्वास मोजून होणार नाही.