सद्भावनेचा उपरोध : ‘ईडिपस राजा’च्या निमित्ताने

प्रेक्षकाला ठाऊक असते आणि पात्राला नसते, या अंतरातून निर्माण होणाऱ्या अर्थाला आपण नाट्यात्म उपरोध म्हणतो. समीक्षेत ही कल्पना रुजली ती बरीच उशिरा. कॉनप थर्लवॉल या इंग्रज विद्वानाचा सॉफोक्लीझच्या उपरोधावरील निबंध १८३३ मधला. अथेन्सच्या प्रेक्षकाला मात्र तिचा अनुभव होताच. कथा पुराणातली, परिचित. काय घडणार यापेक्षा ते कसे उघड होणार, हीच त्याची उत्कंठा.

या उपरोधाचा उलगडा ‘क्रूर नियतीचा खेळ’ असा सहसा केला जातो. ‘ईडिपस राजा’ पुन्हा वाचताना तो अपुरा वाटतो.

थीब्जवर रोगराईचे संकट आहे. लायसच्या खुन्याला राजा शाप देतो. तो जाणूनबुजून आपल्याच घरात आसऱ्याला ठेवला असेल, तर हा शाप आपल्यालाही लागो, असेही म्हणतो. हे शब्द प्रजेच्या कळवळ्यातून येतात. भविष्यवाणीची धास्ती घालवावी म्हणून जोकास्टा लायसच्या मृत्यूची हकिकत सांगते. तीत तीन रस्ते मिळतात त्या जागेचा उल्लेख येतो आणि राजाच्या मनात संशयाची पहिली ठिणगी पडते. करिंथचा दूत त्याला आईविषयीच्या भयातून सोडवू पाहतो आणि तो पॉलिबसचा पुत्रच नव्हे, हे सांगून बसतो. ॲरिस्टॉटलने कलाटणीचे उदाहरण म्हणून नेमका हाच प्रसंग निवडला. या साऱ्याच्या मुळाशी तर एका मेंढपाळाची दया आहे : डोंगरावर टाकून द्यायचे मूल त्याने वाचवले.

सत्य उघडपणे सांगतो तो एकटा अंध टायरेसियस, आणि तेही संतापाच्या भरात. त्याच्यावर राजाचा विश्वास बसत नाही.

ईडिपसचा तापटपणा, उतावीळपणा नाकारण्याचे कारण नाही. पण नाटकाला पुढे ढकलते ती प्रामुख्याने माणसांची एकमेकांविषयीची आस्था. म्हणूनच इथला उपरोध प्रेक्षकाला शहाणपणाचे सुख देत नाही. आपल्याला सारे ठाऊक असते, पण त्या ज्ञानाचा कोणालाच उपयोग नसतो. ईडिपसला काहीच ठाऊक नसते, पण जाणून घेण्याचे धैर्य त्याच्यापाशी असते. अखेरीस आपला आदर जातो तो त्याच्याकडेच. चांगुलपणा अज्ञानापासून माणसाचे रक्षण करू शकत नाही, ही जाणीव नियतीच्या क्रौर्याहून अधिक बोचणारी आहे.