मूळ कथा सापडली, पुढे काय?

मिथकांवर उभी असलेली कादंबरी संशोधनाला घेतली की पहिला मोह होतो तो ‘हे अमुक कथेतून आलंय’ असा तक्ता करण्याचा. तक्ता करायलाच हवा. पण तिथेच थांबलात तर हाती नुसती यादी येते, प्रबंध नाही.

जे. आर. आर. टोल्किनची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) घ्या. तीन खंड, शिवाय वंशावळी, कालपट आणि लिप्यांची परिशिष्टं. लेखक ऑक्सफर्डमध्ये जुन्या इंग्रजीचा प्राध्यापक, त्यामुळे मुळं शोधणाऱ्याची चंगळच. गॅन्डाल्फ हे नाव ‘व्होलुस्पा’ या जुन्या नॉर्स काव्यातल्या बुटक्यांच्या यादीतलं. रोहनच्या राजाचा महाल ‘मेडुसेल्ड’, हा शब्द ‘बेवुल्फ’मधला. आणि शापित अंगठी ‘व्होल्सुंग सागा’त आहेच.

आता अंगठीपाशी जरा थांबू. सागातली अंगठी मालकाचा घात करते, तरी त्या खजिन्यासाठी मुलगा बापाला मारतो. टोल्किनने दिशाच फिरवली. इथे अंगठी मिळवायची नाही, नष्ट करायची आहे. म्हणजे सामर्थ्य हाताशी असूनही ते न वापरणं, हे इथलं शौर्य. काम कुणाकडे, तर फ्रोडो नावाच्या ठेंगण्या, घरकोंबड्या हॉबिटकडे. आणि ज्वालामुखीच्या कड्यावर तोही हरतो, अंगठी माझीच म्हणतो. ती नष्ट होते गॉलममुळे, ज्याला आधी बिल्बोने आणि मग फ्रोडोने दयेपोटी जिवंत सोडलेलं असतं.

या दयेची गोष्ट गॅन्डाल्फ दुसऱ्याच प्रकरणात काढतो. तिचं फळ शेकडो पानांनी मिळतं. ‘एवढी लांबण कशाला?’ याचं उत्तर इथे आहे. टॉम बॉम्बॅडिलची प्रकरणं रेंगाळतात, हे मान्य. पण मधला प्रवास आटोपता घेतला असता, तर शेवट नुसता योगायोग वाटला असता.

‘बेवुल्फ’वरच्या १९३६च्या व्याख्यानात टोल्किनने एक दृष्टान्त दिला होता. एकाने जुन्या दगडांचा मनोरा बांधला. दगड कुठले हे पाहायला लोकांनी तो पाडला. वरून समुद्र दिसायचा, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

तेव्हा तक्त्यात मूळ कथा आणि कादंबरीतलं रूप यांच्या शेजारी तिसरा रकाना आखा: काय बदललं आणि त्याने काय साधलं? तुमचा विषय खांडेकरांची ‘ययाति’ असेल तरी हेच करा. तो रकाना रिकामा राहिला, तर गाइडकडे जाण्याआधी कादंबरी पुन्हा एकदा वाचा.