वीतभर अल्को

मॉडेल इंजिन समोर आलं की बहुतेकांची नजर आधी रंगावर जाते. जाणकार वाकून चाकं बघतो. हिंजवडीच्या आयटी पार्कात नोकरी करणाऱ्या एका मित्राने शनिवार-रविवार खर्ची घालून उभं केलेलं ‘डब्ल्यूडीएम-२’ या डिझेल रेल्वे इंजिनाचं मॉडेल मी तसंच बघायला घेतलं आणि चाकांपाशीच अडकलो.

या इंजिनाच्या बोगीत (इथे बोगी म्हणजे डबा नव्हे, तीन आसांची चौकट) आस समान अंतरावर नसतात. दोन जवळ, तिसरा जरा फटकून. ही अमेरिकेतल्या अल्को कंपनीची रचना. १९६२ पासून डब्ल्यूडीएम-२ जातीची इंजिनं भारतात आली आणि १९६४ मध्ये वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली. घाईने केलेल्या मॉडेलात तिन्ही चाकं कवायतीला उभी राहिल्यासारखी समान अंतरावर असतात. काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण इंजिन आपलं वाटत नाही. मित्राने एका अमेरिकन अल्कोचं मोटार जळालेलं मॉडेल मिळवलं ते केवळ या विषम बोगीसाठी. वरचं कवच काढून टाकलं, दात्यांत घट्ट बसलेलं जुनं ग्रीस खरवडलं, नवी मोटार घातली आणि पोटात शिशाच्या पट्ट्या चिकटवल्या. वजन नसेल तर चाकं रुळावर नीट टेकत नाहीत, आणि रुळातूनच वीज घ्यायची असल्याने इंजिन सांध्यासांध्याला अडखळतं.

प्रमाण १:८७. सतरा मीटरहून थोडं लांब असलेलं धूड वीस सेंटिमीटरच्या आत बसवायचं, म्हणजे हात धरायच्या कठड्याची नळी ०.४ मिलिमीटरच्या आसपास येते. प्लास्टिकमध्ये एवढी बारीक नळी टिकत नाही, म्हणून तिथे पितळी तार. रेडिएटरच्या जाळ्या भोसरी एमआयडीसीतून कापून आणलेल्या. असलं काम घेऊन गेलं की वर्कशॉपवाला आधी हसतो, मग ड्रॉइंग मागतो, आणि शेवटी टॉलरन्स किती ते विचारतो. चाकणच्या गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या या पट्ट्यात छंदाचे चोचलेही पुरवले जातात, हे सुख थोडंथोडकं नाही.

पण खरी कमाल छतावर आहे. अल्को धूर ओकते हे रेल्वेवेड्यांना पाठ असतं. लोको पायलटने नॉच (थ्रॉटलची पायरी) वाढवला की डिझेल लगेच जास्त येतं, पण टर्बोला वेग घ्यायला वेळ लागतो. तेवढा वेळ हवा कमी पडते आणि न जळलेलं इंधन काळा लोट होऊन बाहेर पडतं. पुण्याहून मिरजेकडे जाताना शिंदवणेच्या चढावर हा लोट ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. मित्राने काजळी धुराड्याभोवती गोल फासलेली नाही. धुराड्याच्या एकाच बाजूला ती लांब ओढत नेली आहे, आणि ती ज्या दिशेला गेली आहे तिच्यावरून हे इंजिन बहुतेक वेळा लांब हूड (केबिनबाहेरचं लांबट कवच) पुढे ठेवून धावत असणार, हे कळतं. मॉडेल उभं आहे, पण त्याचा धावण्याचा पूर्वेतिहास डागांत लिहिलेला आहे. डिझेलच्या टाकीच्या तोंडाखाली चमकदार ओघळ आणि बाकी टाकीवर मात्र कोरडी धूळ, हा भेदही असाच बोलका.

आता तक्रार. आपल्या ब्रॉडगेजचे रूळ १६७६ मिलिमीटर अंतरावर. १:८७ने ते साधारण १९.२५ व्हायला हवेत. बाजारातला तयार रूळ मात्र १६.५चा, म्हणजे मुळात १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजसाठी. त्यामुळे समोरून पाहिलं तर रुंद अंगाखाली पाय आखडून घेतल्यासारखं वाटतं. मित्राने गुरं अडवणारी जाळी किंचित खाली आणून हे झाकलंय. चलाखी मला पटली, तडजोड पूर्ण पटली नाही. त्याचं म्हणणं, रुंद रूळ स्वतः घातला तर हे इंजिन दुसऱ्या कुणाच्याच लेआउटवर धावणार नाही.

कोथरूडमध्ये भाऊ जोशींनी १९९८ साली उघडलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय याच्या अगदी उलट टोकाला आहे. तिथे अख्खं शहर हलतं, दिवसाची रात्र होते, नजर एका इंजिनावर ठरतच नाही, आणि ठरावी अशी अपेक्षाही नाही. तिथे वाहतुकीची मजा आहे. इथे एका यंत्राचं व्यक्तिचित्र आहे, आणि व्यक्तिचित्रात ‘साधारण असा माणूस’ चालत नाही.

म्हणूनच केबिनच्या बाजूची कोरी जागा मला खटकते. इंजिनाला क्रमांकच नाही! मित्राचं अडलंय ते वेगळ्याच कारणाने. या जातीची दोन इंजिनं सारखी राहिलीच नाहीत. कित्येक २६०० अश्वशक्तीची इंजिनं पटियालाच्या कारखान्यात खोलली गेली आणि ३१०० अश्वशक्तीची होऊन बाहेर आली. हूडची ठेवण बदलली. ब्रेकही व्हॅक्यूमचे एअरचे झाले. क्रमांक टाकायचा तर साल ठरवावं लागेल, आणि साल ठरलं की बफरखालचे होसपाइप बदलावे लागतील. त्याने सध्या व्हॅक्यूमचा जाड पाइप लावलाय आणि छतावरची धूळ मात्र पार उतारवयातली आहे. मी त्याला सांगितलं, पाइप राहू दे, धूळ पूस. तो उलट करणार म्हणतो. त्याला ती काजळी सोडवत नाही.